ट्रंकेच्या भोवतीने

माझ्या पोटमाळ्यावर सात वर्षं एक माणूस राहिला आणि त्याला मी घालवला. चाळीतले लोक म्हणतात तो आपण होऊन गेला. लेक म्हणते तुम्हा दोघांच्या हट्टापायी गेला. पण तोंड माझं सुटलं होतं, तेव्हा घालवला असंच म्हणायचं. आता तो परत यावा असं मला वाटतं, आणि ते तोंडाने सांगायला मला जमत नाही.

तो माळा बघायला आला तो दिवस मला आठवतो. घोडपदेवला आमची एकच खोली, वर लाकडी शिडीचा माळा. नवरा गेल्यावर आणि लेक कॉटन ग्रीनला दिल्यावर मी एकटी, म्हणून माळा भाड्याने द्यायचा ठरवला. बघायला येणारे बाकीचे लोक पाणी किती वाजता येतं, संडास कुठे, असलं विचारत. हा दारात उभा राहिला, पन्नाशीचा, बारीक, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि माझ्या मांडणीकडे बघत म्हणाला, "मावशी, मिठाची बरणी खिडकीत का?"

"तुला माळा बघायचाय की मीठ?"

"माळा बघितला. चांगला आहे. खिडकीत मीठ दमट होत नाही का?"

दमट व्हायचं. मी तीस वर्षं ओलं मीठ चमच्याने खरवडत होते आणि कधी विचार केला नव्हता. मग आठवलं. आधी स्टो खिडकीजवळ होता, मीठ हाताशी म्हणून तिथे. मग गॅस आला, तो पलीकडच्या भिंतीला लागला, मीठ तिथेच राहिलं. हे त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा एवढा खुलला की मी त्याच्या हातावर लाडू ठेवला असता तरी खुलला नसता.

"आमच्याकडे पण असंच आहे," तो म्हणाला. "एक जागा भरली म्हणून काही वस्तू दुसरीकडे ठेवल्या. ती अडचण कधीच संपली. दोन जागा मात्र चाळीस वर्षं तशाच चालल्या, आणि लोकांनी त्याला मागाहून मोठमोठी कारणं शोधली."

मला वाटलं आमच्याकडे म्हणजे त्याच्या घरी. पुढे कळलं, आमच्याकडे म्हणजे कॉम्प्युटरच्या आत.

त्याचं काम मला समजायला वर्ष लागलं. मी चौथी शिकलेली. पण समजलं ते असं. कॉम्प्युटर चालवणारी एक फुकटची यंत्रणा आहे, तिला लिनक्स म्हणतात. ती कुणा एका शेठची नाही. जगभरातले लोक तिचे तुकडे लिहितात, आणि ठिकठिकाणची मंडळं ते तुकडे गोळा करून, नीट लावून, लोकांना एकत्र देतात. हा अशा एका मंडळात होता. दिवसा एका ऑफिसचं पगाराचं काम करायचा, तेही माळ्यावर बसूनच. मंडळाचं काम पहाटे पाच ते आठ, बिनपगारी. कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम हातात आला की तो सुटा करायचा आणि त्याची कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात जाणार ते ठरवायचं. बस, एवढंच. कप्पा हा माझा शब्द, तो डिरेक्टरी म्हणायचा.

"सगळं एकाच कप्प्यात कोंबलं तर काय होतं रे?" मी एकदा विचारलं.

"काही होत नाही. छान चालतं."

"मग?"

"मग एक दिवस त्याची नवीन आवृत्ती येते, आणि जुनी काढावी लागते. तेव्हा कळत नाही यातलं आपलं कुठलं आणि मालकाचं कुठलं."

म्हणून त्यांच्यात जागा ठरलेल्या. चालवायच्या वस्तू एकीकडे. मालकाच्या आवडीनिवडी दुसरीकडे, कारण वस्तू नवीन आली तरी आवडीनिवडी पुसायच्या नाहीत. रोज वाढणारं, बदलणारं तिसरीकडे. बाहेरची एखादी कंपनी आपलं सगळं बिऱ्हाड घेऊनच आली, तर तिला बाजूला एक कोपरा द्यायचा, तिथे तिने काय हवं ते करावं. आणि एक कप्पा असा की तो मंडळाने नुसता बनवून द्यायचा आणि रिकामा सोडायचा. त्यात मंडळ काही ठेवणार नाही, त्यातलं काही काढणार नाही, त्यात बघणारसुद्धा नाही. तो ज्याचा कॉम्प्युटर त्याचा.

"रिकामाच ठेवायचा तर बनवता कशाला?"

"आपल्याला जागा आहे, हे मालकाला कळायला नको का?"

त्याचं बोलणं सगळं असंच. सरळ विचारलं की सरळ उत्तर, आणि उत्तर दिल्यावर गप्प. गिरगावातलं जुनं घराणं त्याचं, दोन पिढ्या कारकुनी केलेलं. शुद्ध बोलायचा, आमच्या गॅलरीत ते ऐकायला विचित्र वाटायचं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला तो मावशी आणि तुम्ही म्हणायचा, मी त्याला अरेतुरे. चाळीत त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. माळ्यावरचा म्हटलं की झालं.

स्वतःचा टॉवेल कुठे वाळत घालायचा हे ठरवायला त्याने तीन दिवस घेतले होते. गॅलरीतली कुठली दोरी कुणाची, कुणी बांधली, कोण मेल्यावर कुणाकडे आली, सगळं विचारून आला आणि मग स्वतःची वेगळी दोरी आणून टोकाला बांधली. माझा पेपर वाचायला न्यायचा तो जशी घडी होती तशी घडी घालून परत आणायचा. सात वर्षांत माझ्या घरातला एक डबा त्याने उघडून बघितला नाही. मी म्हणायचे, अरे साखर घे ना, समोर आहे. तो म्हणायचा, तुम्ही द्या. पाहुणा घरी आला, खाऊ घेऊन आला, की मी तो कुठेही ठेवून द्यायचे. हा माळ्यावरून वाकून बघायचा.

"काय बघतोस?"

"कुठे ठेवायचं ते मागाहून ठरवा मावशी. आधी कुणी आणलं ते लक्षात ठेवा."

"मेल्या, चकल्या आहेत त्या. संध्याकाळपर्यंत उरणार नाहीत."

"मग बदलणाऱ्या वस्तूंत," असं म्हणून डोकं आत घ्यायचा.

एका वर्षी त्याचं मोठं भांडण लागलं. परदेशातल्या कुणा माणसाने छोट्या दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहिला होता. पेशंटचं नाव, दुखणं, औषध, सगळं त्यात लिहायचं. प्रोग्राम चांगला, पण त्या माणसाने पेशंटची वही प्रोग्रामच्याच कप्प्यात ठेवली होती. आणि नवीन आवृत्ती घालायची त्याची पद्धत अशी की जुना कप्पा पुसायचा आणि तिथे नवा ठेवायचा. म्हणजे डॉक्टरने आधी वही बाजूला काढून ठेवली नाही, तर वही गेली. याने ते बघितलं आणि हा प्रोग्राम असाच्या असा मंडळात घेणार नाही म्हणून बसला. तो परदेशातला म्हणे, सगळं एका जागी असलं की मला सापडतं. हा म्हणे, तुला सापडतं, पण पुसणाऱ्याला कळत नाही. सहा महिने लिहालिही. मी गावाला कुंपणाच्या गडग्यातल्या एका दगडावरून भाऊभाऊ भांडताना बघितलेत, तसंच हे, फक्त दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही.

एका सकाळी चहा घ्यायला खाली आला तर डोळे लाल. म्हणाला, "मला त्याला पटवता येत नाही. मंडळात काही जण म्हणतात, सोडून दे, त्याचं त्याला करू दे."

"मग दे सोडून."

"दवाखान्यातल्या माणसाला हे माहीत नसणार मावशी. तो नवीन आवृत्ती घालेल आणि त्याची वही जाईल."

मी भाकरी थापत होते. मला आमच्या समोरची गावाची खोली आठवली. आता तिथे गोडाऊन आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या एका खोलीत आमच्या गावचे बावीस पुरुष राहायचे, सगळे गिरणीत, पाळ्या लावून झोपायचे. माझी सासू त्यांची खाणावळ चालवायची, तिच्यानंतर मी चालवली. खोलीत भांडी गावाची, त्यांच्यावर गावाचं नाव घातलेलं. भिंतीला ओळीने ट्रंका, त्या ज्याच्या त्याच्या. खोली झाडायची पाळी रोज एकाची. एकदा एक नवीन आलेला पोरसवदा गडी, त्याने झाडताना सगळ्या ट्रंका बाहेर काढल्या, खोली लख्ख केली, आणि ट्रंका आकाराप्रमाणे लावून ठेवल्या. मोठी खाली, लहान वर. रात्रपाळीचे लोक उठले आणि आपली ट्रंक शोधायला लागले. एकाची कडी वाकली होती, एकाची घरची पत्रं ओल्या कोपऱ्यात गेली होती. मारामारी झाली. तेव्हापासून त्या खोलीचा नियम झाला, झाडायचं ते ट्रंकेच्या भोवतीने. ट्रंक हलवायची नाही. खाली धूळ राहिली तर ती ज्याची ट्रंक त्याची धूळ.

हे मी त्याला सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"परत सांगा."

"काय परत सांगा? भाकरी करपेल."

"शेवटचं. धूळ कुणाची?"

तो तसाच शिडी चढला. चहा अर्धा ठेवून गेला. त्याने ही सगळी गोष्ट त्या परदेशी माणसाला इंग्रजीत लिहिली. आठ दिवसांनी उत्तर आलं, ते मला वाचून दाखवलं. त्या माणसाने विचारलं होतं, एका खोलीत बावीस माणसं झोपायची कशी? याने कळवलं, पाळीने. मग त्याने विचारलं, बाई अजून जिवंत आहे का? मी म्हटलं, त्याला सांग आहे आणि तुझ्या पेशंटची वही बाहेर काढ म्हणते. त्याने काढली. वही तिच्या जागी गेली, प्रोग्राम त्याच्या जागी. मंडळात पुढे कुणी असली चूक केली की म्हणे तिकडचे लोक नुसतं लिहायचे, ट्रंकेच्या भोवतीने झाड. मला काय त्याचं. पण दोन दिवस मला जेवण गोड लागलं हे खरं.

त्याच्या घरच्यांबद्दल तो फक्त एकदा बोलला. आम्ही वाल सोलत बसलो होतो. त्याच्या सालींचा ढीग वेगळा, माझा वेगळा. मी विचारलं, गिरगावातलं घर सोडून तू इथे कशाला आलास, भावांनी हाकललं का? म्हणाला, नाही, भाऊ चांगले आहेत. आईचं तेरावं झालं, मी दुपारी बाहेर गेलो होतो, तेवढ्यात भावांनी आणि वहिन्यांनी आईचं कपाट लावलं. काही फेकलं नाही, कुणी काही घेतलं नाही. साड्या साड्यांत, कागद कागदांत, औषधं एका डब्यात. कपाट इतकं छान कधी दिसलं नव्हतं.

"मग वाईट काय झालं?"

"मग त्यात आई सापडेना," तो म्हणाला, आणि पुढचा वाल घेतला.

मी वालाचं ताट त्याच्याकडे सरकवलं. मला असल्या वेळी बोलता येत नाही.

गेल्या वर्षी मी मोरीत पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. परळच्या इस्पितळात तीन आठवडे होते. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता खाली वाकायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही, खूप दिवस. लेक नोकरी सांभाळून सकाळी यायची. हा रोज चार वाजता यायचा, पेज घेऊन. ती पेज त्यानेच केलेली असायची, पातळ आणि अळणी. मी शिव्या घालून प्यायचे. एक दिवस म्हणाला, "मावशी, हात वर करा बघू. कुठवर जातो?" मी केला. मग म्हणाला, "आता बसूनच खाली न्या. कंबर वाकवू नका." मला वाटलं डॉक्टरने सांगितलंय. त्याने विती टाकून मोजलं आणि कागदावर लिहून घेतलं.

घरी आणलं तेव्हा मला खुर्चीत बसवून चार जणांनी दोन मजले वर चढवलं. सगळी गॅलरी जमलेली. कुणी ओवाळायला ताट आणलेलं. दार उघडलं आणि मी बघितलं तर ते माझं घर नव्हतं.

मांडणीच्या वरच्या दोन फळ्या मोकळ्या. ओट्याखालचं सगळं बाहेर. जे काही मला लागतं ते कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात आणून ओळीने लावलेलं. पिठं एकत्र, डाळी एकत्र, रोजचं पुढे, सणाचं मागे. प्रत्येक डब्यावर पांढरी चिठ्ठी, सुंदर अक्षरात. पोहे. उकडे तांदूळ. मालवणी मसाला. मला वाचता येतं, पण पन्नास वर्षं मी कुटलेल्या मसाल्याने मला आपलं नाव सांगावं? आणि सगळ्यात चांगला खण, खिडकीजवळचा, छातीच्या उंचीचा, उजेडातला, तो नवा कागद घालून रिकामा ठेवलेला. बाकी डब्यांची गर्दी आणि तो रिकामा. तो बघून माझं डोकं फिरलं.

तो शिडीपाशी उभा होता. चिडले की माझ्या तोंडी गावची भाषा येते. "माका इचारल्याशिवाय हात कित्याक लावलंस?" मी ओरडले. "माळो दिलंय तुका, घर नाय दिलंय! ह्या घरात माझा काय आसा की नाय? आणि तो खण रिकामी कित्याक? माझे वस्तू ठेवूक तुका जागा गावली नाय? माळो खाली कर आणि चालू पड!"

ओवाळायला आलेली बाई ताट घेऊन तशीच मागे सरली. लेक माझ्या खुर्चीमागे उभी होती. ती एक शब्द बोलली नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मी हात लावायला नको होता. मला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक वही घेऊन खाली आला. काही हलवायच्या आधी त्याने प्रत्येक वस्तूची जुनी जागा त्या वहीत लिहून ठेवली होती. ती बघून त्याने एकेक वस्तू परत लावली. मी पलंगावरून बघत होते, कुठे चुकतो ते. मला एकदाही काही विचारलं नाही. तुटक्या झाकणाचा डबा ओट्याखाली मागच्या कोपऱ्यात. मोठी कढई वरच्या फळीवर पालथी. डुगडुगणाऱ्या बरणीखाली घडी केलेला कागद असतो, तो कागद. गॅसमागच्या जळक्या काड्यांची डबी, त्यातल्या जळक्या काड्यांसकट. मीठ खिडकीत. मग सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि डिंक राहिला तिथे खोबरेल लावून पुसला. एक चूक नाही. मी शोधत होते आणि मला सापडली नाही.

मग तो माळ्यावर गेला आणि बॅग भरून खाली आला.

"कुठे निघालास?"

"तुम्ही म्हणालात ना."

आता सांगायला हवं की चालू पड हे मी सगळ्यांना म्हणते. मासेवालीला म्हणते, जावयाला म्हणते, नवऱ्याला चाळीस वर्षं म्हटलं. आजवर कुणी गेलेलं नाही. मासेवाली उद्या येते, जावई हसून चहा मागतो. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, अरे बस. पण गॅलरीत बायका उभ्या होत्या, आणि मी जे म्हटलं ते मागे कसं घेऊ? मी म्हटलं, "जा मग."

तो गेला.

पहिले दोन आठवडे लेक राहायला होती म्हणून निभावलं. ती परत गेली आणि मी एकटीने ओट्यापाशी उभी राहिले तेव्हा कळलं. तांदूळ खाली, वाकता येत नाही. कढई वर, चढता येत नाही. घर जिथल्या तिथे होतं आणि माझ्या हाताला काही लागत नव्हतं. एका रविवारी लेक आली तर मी स्टुलावर. तिने किंकाळी फोडली. मला खाली उतरवलं आणि रडायलाच लागली.

"आई, मीच सांगितलं होतं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"तुझं स्वयंपाकघर लावायला. तुला वाकता येणार नव्हतं म्हणून. तीन वेळा नाही म्हणाले. म्हणाले, मावशींना विचारतो. मी म्हटलं विचारलंत तर ती कधीच हो म्हणणार नाही, आणि परत पडेल. तेव्हा तयार झाले."

"मग मी ओरडत होते तेव्हा तुझं तोंड का शिवलं होतं?"

"तुझ्यापुढे कोण बोलणार? तो माणूस जिना उतरताना मी मागे गेले. म्हटलं, मी आईला सांगते. म्हणाले, नको, हात माझा होता."

मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "पण तो खिडकीजवळचा खण त्यांनी रिकामा का ठेवला होता? सगळ्यात चांगला तोच तर होता."

मला ते तिने विचारलं त्या क्षणी कळलं. बाकी सगळं घर त्याने त्याच्या हिशोबाने लावलं, नाइलाज म्हणून, आणि सगळ्यात चांगला खण मला ठेवला. त्यात मी माझ्या हाताने काय हवं ते ठेवावं आणि तो त्यात बघणारसुद्धा नव्हता. मी त्याच खणावरून त्याला सगळ्यांसमोर बोलले. आणि तो का गेला तेही कळलं. मी चालू पड म्हटलं म्हणून तो गेला असेल, पण नुसतं तेवढ्यासाठी नाही. ज्या कामापायी त्याने स्वतःच्या भावांचं घर सोडलं, तेच काम त्याने माझ्या घरात केलं होतं. मी तोंड बंद ठेवलं असतं तरी तो त्या मांडणीकडे बघत माझ्याकडे चहा घेऊ शकला नसता. मी फक्त त्याला काय वाटत होतं ते मोठ्याने ओरडून सांगितलं.

लेकीला घेऊन मी ते घर परत त्याच्यासारखं लावायला बसले. अर्धं आठवलं. डाळी कुठे होत्या ते आठवलं, पिठं आठवली. हिंग कुठे होता, ते काही केल्या आठवेना. परत लावताना तो कुठे चुकतो तेवढंच मी बघत होते, त्याने आधी लावलेलं नीट बघितलंच नव्हतं. जमेल तसं लावलं. आता सगळं हाताला लागतं, पण सकाळी पाच वाजता जाग येते आणि मी कान देऊन पडते. वर काहीच वाजत नाही. त्याच्या बोटांचा तो बारीक टकटक आवाज सात वर्षं मला नकोसा होता.

सात महिने थांबले. मग फोन केला.

"मावशी?" पहिल्याच घंटीला त्याने उचलला.

"हो. जिवंत आहे."

"पाय कसा आहे?"

"आहे. काठी घेऊन संडासापर्यंत जाते."

"चांगलं आहे." मग म्हणाला, "सगळं सापडतं ना?"

मला म्हणायचं होतं, नाही सापडत. हिंग कुठे ठेवला होतास ते सांग, नाहीतर येऊन दाखव. तोंडातून आलं, "सापडतं."

"मग बरं."

"कुठे असतोस?"

"शीवला. कोळीवाड्याच्या बाजूला. वर गच्चीवर खोली आहे."

"खालची माणसं कशी आहेत?"

"चांगली असतील. मी कधी आत गेलो नाही."

त्याच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी वाजली, खालच्या त्या माणसांच्या घरात असेल. शीव इथून किती लांब? टॅक्सीने अर्धा तास. मी जिना उतरू शकत नाही आणि तो चढणार नाही.

"ठेवू?" त्याने विचारलं.

"ठेव," मी म्हटलं. आणि त्याने ठेवला.

ठेव म्हटलं की ठेवतो, जा म्हटलं की जातो. बाकीचे लोक माझ्या शब्दांकडे लक्ष देत नाहीत, आवाजावरून काय ते समजून घेतात. म्हणून मला इतकी वर्षं वाटेल ते बोलता आलं. त्याला आवाजातलं काही कळत नाही. लिहिलेलं असेल तेवढंच तो खरं धरतो. तेव्हा त्याच्यासाठी इथे स्पष्ट लिहिते, लेक त्याला पाठवेल.

मी चुकले. परत ये. यातलं एकही मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, नवऱ्यालाही नाही, तेव्हा रागात म्हटलं असेल असं समजू नको. माळा कुणाला दिलेला नाही. दिवस तू ठरव, वेळ तू ठरव, आधी फोन करायची गरज नाही. मी घरीच असते.